जिव्या सोमा म्हसे : चौकाबाहेर पडलेली वारली रेघ

वारली चित्रकला आज जगाला कागदावर आणि कापडावर दिसते. गेरूच्या किंवा शेणाच्या रंगावर पांढऱ्या बारीक रेघा, त्या रेघांत माणसे, झाडे, शेते, गुरे, पाखरे. या रूपाला आकार देणाऱ्यांत पहिले नाव जिव्या सोमा म्हसे यांचे घ्यावे लागते. १९३४ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात, धामणगाव येथे त्यांचा जन्म झाला आणि १५ मे २०१८ रोजी डहाणू तालुक्यातील गंजाड येथे त्यांचे निधन झाले. हा सगळा टापू २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. म्हसे कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. त्यांना कोणी हातात कुंचला धरून शिकवले नाही. तरीही त्यांच्या चित्रांमागे एक मोठी, पक्की परंपरा उभी होती, आणि त्या परंपरेतील काय त्यांनी घेतले व काय बदलले, यातच त्यांच्या कामाचे मोल आहे.

वारली समाज सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात राहतो. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे त्याचे महाराष्ट्रातील मुख्य तालुके. शेजारच्या गुजरातेत आणि दादरा-नगर हवेलीतही वारल्यांची वस्ती आहे. गावे पाड्यापाड्यांनी विखुरलेली. घरे कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर शेणमाती लिंपलेली. पावसाळी भात हे मुख्य पीक, त्याला नाचणी-वरईची जोड आणि उरलेल्या काळात जंगल, नदीनाले आणि मजुरी. या घरांच्या आतल्या भिंतीवर, लग्नाच्या वेळी, तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. वारली चित्रकलेचे मूळ या चौकात आहे.

चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे. आधी भिंत शेणाने सारवायची, तिच्यावर गेरूचा हात फिरवायचा. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचा, तो धरून राहावा म्हणून थोडा डिंक घालायचा. बांबूच्या काडीचे टोक दाताने चावून मऊ केले की कुंचला तयार. मग भिंतीवर मोठा चौकोन उभा राहतो. त्याच्या चारी बाजूंना साखळीसारखे, त्रिकोणांचे, ठिपक्यांचे पट्टे भरत जातात, आणि मध्यभागी पालघट देवी येते. पालघट ही सुफलतेची देवी. शेत पिकणे आणि घरात मूल होणे या दोन्ही गोष्टी तिच्याच हातात. वरच्या बाजूला सूर्य-चंद्र, जवळपास फणी, शिडी, घोड्यावरचे नवरा-नवरी, ताडाची झाडे. शेजारी एक लहान चौक असतो, त्यात घोड्यावर बसलेला पाचशिऱ्या देव. धवलेरी, म्हणजे लग्नविधी चालवणारी जाणती बाई, गाणी म्हणत असते आणि त्या गाण्यांतून देवांना आवतण जाते. चौक पुरा झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. लग्न झाले की त्या चित्राचे काम संपते. ते पुसट होते, पोपडे धरते, पुढच्या सारवणात जाते.

या चित्राला कर्ता नाही. दहा हात एकाच चौकावर चालतात आणि कोणाच्याही हाताची सही त्यावर राहत नाही. हे चित्र पाहण्यासाठी काढलेले नसते, ते देवीला घरात आणण्यासाठी असते. म्हणून त्यातल्या आकृत्या ठरलेल्या, जागा ठरलेल्या आणि चुकीला जागा फार थोडी. पालघटभोवतीच्या मोकळ्या भिंतीवर मात्र बायका थोडी मोकळीक घेत. तिथे नाचणारी माणसे, शिकार, झाडावर चढणारा ताडीवाला, कोंबड्या, विंचू अशा गोष्टी येत. म्हसे यांची चित्रे पुढे वाढली ती याच मोकळ्या भागातून. चौकाच्या मध्याला त्यांनी धक्का लावला नाही. त्याच्या कडेला जे चाललेले होते तेच त्यांनी आपले केले.

त्यांच्या बालपणाबद्दल एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते आणि ती त्यांच्या चित्रांशी नीट जुळते. जिव्या सात वर्षांचा असताना त्याची आई गेली. त्या धक्क्याने त्याने बोलणे टाकले. काही सांगायचे झाले तर तो मातीत बोटाने किंवा काडीने चित्र काढून सांगे. हे बरेच दिवस चालले. पाड्यातल्या लोकांनी या अबोल पोराला वेडा ठरवून बाजूला सारले नाही, उलट त्याच्याकडे काही वेगळे देणे आहे असे मानून त्याला मान दिला. भाषेच्या जागी रेघ आली की रेघेवर मोठी जबाबदारी येते. तिला ‘कोण’ एवढे सांगून भागत नाही. कोण काय करतो आहे, कुठे चालला आहे, रागावला आहे की दमला आहे, हेही तिला सांगावे लागते. म्हसे यांच्या चित्रांतील माणसे जी सतत काही ना काही करत असतात, त्यामागे या मातीतल्या बोलण्याची सवय असावी असे मानायला जागा आहे. चौकातील आकृती जागच्या जागी उभी राहून आशीर्वाद देते. मातीत बोलणाऱ्या मुलाला मात्र घडणारी गोष्ट दाखवायची होती.

साधारण अकराव्या वर्षी तो गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात आला आणि तिथलाच झाला. हे वर्ष त्या भागाच्या इतिहासात फार मोठे आहे. जमीनदार आणि सावकारांच्या वेठबिगारीत वारली समाज कित्येक पिढ्या पिचत होता. लग्नासाठी कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने जन्मभर मालकाकडे राबायचे, या लग्नगड्याच्या प्रथेने तर माणसे अक्षरशः विकली गेली होती. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी येथे हजारो वारली जमले आणि फुकट राबायचे नाही असे ठरले. किसान सभेच्या वतीने शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्यात उतरले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे मेली. गोदावरी परुळेकरांनी हा सगळा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आणि १९७२ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हसे यांच्या गाजलेल्या चित्रांचा विषय हा संघर्ष नव्हे. पण ज्या चौकासाठी, ज्या लग्नासाठी माणूस आयुष्य गहाण टाकत होता, ते लग्न वारली मनात किती मध्यवर्ती होते हे या इतिहासावरून कळते. त्या लग्नाभोवतीची चित्रभाषा हीच म्हसे यांची पहिली अक्षरओळख होती.

शिकणे झाले ते पाहून. बायका भिंतीपाशी बसत तेव्हा मुले आसपास असतच. आकृत्या कशा बांधायच्या याचा पाठ तिथे उघड्यावर चालू असे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडायचे, वरचा छातीचा, खालचा कमरेचा. त्यावर गोल डोके, हातापायांच्या चार रेघा. बाईच्या डोक्याला अंबाड्याचा लहानसा गोळा. त्रिकोण डोंगरावरून आणि झाडाच्या शेंड्यावरून आला, गोल सूर्यचंद्रावरून आला आणि चौकोन माणसाने आखला, अशी मांडणी अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. हाताने काम करणाऱ्याच्या दृष्टीने खरी गंमत वेगळीच आहे. ही आकृती ज्या बिंदूवर जुळते तो कमरेचा बिंदू अतिशय अरुंद असतो. वरचा त्रिकोण तिथून थोडा जरी कलला तरी माणूस वाकतो, धावतो, ओझे उचलतो, नाचतो. म्हसे यांनी या एका सांध्यातून जेवढे काढले तेवढे त्यांच्या आधी कोणी काढलेले दिसत नाही. लावणीला वाकलेली बाई, जाळे ओढणारा माणूस, झोडपणी करणारा, दारू पिऊन झोकांड्या खाणारा, सगळे त्याच दोन त्रिकोणांचे. फरक केवळ कलण्याचा.

दुसरी शाळा कथांची. वारली समाजात लिहिलेले काही नव्हते, पण सांगितलेले अफाट होते. भगत घांगळी वाजवत रात्ररात्र देवांच्या कथा लावतो. धरतरी, हिरवा देव, पावसाचा नारनदेव, वाघदेव आणि धान्याची देवी कणसरी ही या कथांतील मंडळी. कणसरीच्या कथेत धान्य हे घरात येणारी-जाणारी, रुसणारी, मनवावी लागणारी व्यक्ती असते. या कथा सरळ रेषेत चालत नाहीत. एकाच पात्राचे आधीचे आणि नंतरचे प्रसंग एकमेकांत मिसळतात, मधेच पशुपक्षी बोलू लागतात. म्हसे यांची कथाचित्रेही तशीच बांधलेली आहेत. एकाच कापडावर तोच माणूस चार ठिकाणी दिसतो. घरातून निघालेला, जंगलात वाट चुकलेला, वाघासमोर उभा राहिलेला आणि परत आलेला. वरून खाली किंवा डावीकडून उजवीकडे वाचण्याचा नियम तिथे चालत नाही. पाहणाऱ्याने पायवाट धरून फिरावे लागते.

तिसरी शाळा शेताची आणि रानाची. उन्हाळ्याच्या अखेरीला पालापाचोळा जाळून राब भाजायचा, पहिल्या पावसाबरोबर त्यात बी टाकायचे, रोपे उपटून चिखलात लावायची, भाद्रपद-आश्विनात राखण, मग कापणी, खळ्यावरची मळणी आणि धान्य कणगीत. म्हसे यांच्या चित्रांत हे वर्ष पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी ते शेतकऱ्याच्या नजरेने येते. राखणीच्या माळ्यावरचा माणूस, धान्याला लागलेले उंदीर, चिखलात खेकडा पकडणारी पोरे, वारुळातून निघालेली मुंग्यांची रांग. हे बारकावे रानात आणि शेतात आयुष्य गेलेल्याचे आहेत, बाहेरून येऊन रेखाटणाऱ्याच्या नजरेला ते इतक्या सहज सापडत नाहीत. मुंगीला आणि माणसाला त्यांच्या चित्रात मोठेपणाचा फरक फारसा नसतो. जगात जे जे आहे ते सगळे हलते आहे, रात्रंदिवस चालते आहे, आणि जगणे म्हणजे हेच हलणे, असे ते आपल्या चित्रांविषयी सांगत.

या हलण्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे तारपा नाच. तारपा हे दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचे वाद्य. भाताची कापणी झाली की संध्याकाळी पाड्याच्या मोकळ्या जागेत ते घुमू लागते. वाजवणारा श्वास तोडत नाही, आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती वेटोळे घालतात. तारप्याकडे पाठ करायची नाही हा दंडक. वाजवणाऱ्याने सूर बदलला की पावले बदलतात. म्हसे यांनी हा नाच चितारताना त्याचा बंद गोल केला नाही. ती नेहमी उघडी गुंडाळी असते, तिचे शेवटचे टोक मोकळे, तिथे आणखी कोणी येऊन हात धरू शकेल असे. आज कपांवर आणि पिशव्यांवर छापला जाणारा तारपा बहुधा कंपासने काढल्यासारखा पुरा गोल असतो. मूळ चित्रातील फिरण्याचा वेग त्यात पार हरवून जातो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे सगळे डहाणूच्या पाड्यांतच होते. ते बाहेर आणण्याचे श्रेय चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्याकडे जाते. १९६० च्या दशकाच्या मध्यात बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने हस्तकला मंडळाने कुलकर्णींना मिथिलेत पाठवले होते. भिंतीवर कोहबर, म्हणजे लग्नाच्या खोलीतले चित्र, लिहिणाऱ्या तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिला, आणि त्यातून मधुबनी चित्रांना बाजार मिळाला, घरांत चार पैसे आले. काही वर्षांनी ते डहाणू भागात आले तेही त्याच विचाराने. सोबत कागद, गेरू, पांढरा रंग. मिथिलेत कागद बायकांनी उचलला. इथे मात्र तो सर्वांत आधी आणि सर्वांत मनापासून उचलला म्हसे यांनी.

असे का व्हावे? चौक हा विधी होता आणि विधी सवाशिणींचा होता. त्या भिंतीवर पुरुषाने चित्र काढण्याचे कारण नव्हते. कागदाला मात्र ना देव होता, ना मुहूर्त, ना लग्न. तो कोणाच्याही वाटणीत नव्हता. म्हसे तर तोवर लग्न असो-नसो, वेळ मिळेल तशी चित्रे काढतच होते. विधीशिवाय, केवळ काढावेसे वाटते म्हणून चित्र काढणारा वारली ही त्या पाड्यात नवीच गोष्ट होती. कुलकर्णींना ते नेमके दिसले. त्यांनी म्हसे यांना रेघ शिकवली नाही, रंगसंगती सांगितली नाही, दूरचे लहान आणि जवळचे मोठे दाखवण्याचे नियम दिले नाहीत. कलाशाळेतून आलेल्या माणसाने हा मोह आवरला, याची नोंद करायला हवी. चांगला हात ओळखणे आणि त्यात आपला हात न घालणे, हे दोन्ही त्यांना जमले.

१९७५ साली मुंबईत जहांगीर कलादालनाच्या इमारतीतील केकू आणि खोर्शेद गांधी यांच्या केमोल्ड गॅलरीत म्हसे यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. हुसेन, गायतोंडे, तय्यब मेहता यांच्या पिढीची चित्रे दाखवणाऱ्या मुंबईत एका वारली माणसाची चित्रे त्याच्या स्वतःच्या नावाने लागणे ही साधी गोष्ट नव्हती. तोपर्यंत अशा कामाखाली फार तर जमातीचे नाव असे. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, फ्रान्समधील मेन्तों येथे त्यांची चित्रे गेली आणि त्याच वर्षी त्यांना आदिवासी कलेसाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते.

कागदाबरोबर काही अडचणीही आल्या आणि त्या सोडवताना शैली बदलली. तांदळाचे पीठ कागदावरून झडते, त्याला कीड लागते. म्हणून पांढरा पोस्टर रंग आणि पुढे ॲक्रिलिक आले. कागदाच्या जागी कापड आले, पण ते कोरे ठेवले नाही. शेणाने सारवून किंवा गेरूने माखून त्याची भिंत केली. पाडा सोडला तरी चित्राला जमीन लागतेच, ही समज त्यातून दिसते. काडीच्या जागी बारीक कुंचला आला आणि रेघ एकदम केसासारखी झाली. काडीने काढलेल्या चौकातील माणूस वीतभर असे, आता तो पेराएवढा झाला. त्याचा परिणाम मोठा होता. वीतभर माणसांनी भिंतीवर एक लग्न मावते. पेराएवढ्या माणसांनी कापडावर अख्खे गाव, त्याचे शेत, नदी, जंगल आणि त्यातली सगळी धावपळ मावते.

त्यांनी अनेकदा काढलेल्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत हे फार जवळून पाहता येते. दुरून पाहिले तर तपकिरी कापडावर एक पांढुरके धुके पसरलेले वाटते. जवळ गेल्यावर कळते की ते जाळे आहे, आणि त्याचे एकेक घर वेगळे काढलेले आहे. रेघा कुठेही पट्टी लावून ओढलेल्या नाहीत. त्या थोड्या ताणतात, थोड्या सैल पडतात आणि त्यामुळे जाळे पाण्यात फुगल्यासारखे दिसते. काठाशी जाळे ओढणारी चिमुकली माणसे असतात, त्यांच्या कमरेचे त्रिकोण मागे कललेले. जाळ्याचा भार कुठे किती आहे हे त्या कलण्यावरूनच समजते. चित्राचा बहुतेक भाग जाळ्यानेच व्यापलेला, माणूस त्या मानाने नगण्य. विणकराच्या चिकाटीने भरलेल्या या घरांत कंटाळ्याची एकही खूण सापडत नाही. एवढ्या बारीक कामात हात यांत्रिक होण्याची भीती असते, पण म्हसे यांचा हात प्रत्येक घराशी थांबतो.

त्यांच्या चित्रांत क्षितिज नसते हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आकाश वर आणि जमीन खाली अशी वाटणी ते करत नाहीत. सगळे कापड हीच जमीन. झाडे बाजूने पाहिलेली, खळे वरून पाहिलेले, घर पुढून आणि आतूनही. घराच्या भिंतीतून आतली चूल, कणगी, जात्यावर बसलेली बाई दिसते. बाहेरच्या अभ्यासकांनी या पद्धतीचे नाते हजारो वर्षांपूर्वीच्या गुहाचित्रांशी जोडले. आकृत्यांत साम्य आहे खरे, पण भीमबेटकाच्या खडकापासून कळंबीपाड्याच्या भिंतीपर्यंतची सलग साखळी त्या साम्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय या जोडणीत एक अन्याय दडलेला आहे. म्हसे यांना आदिमानवाचा वारस म्हटले की त्यांनी स्वतः केलेले बदल दिसेनासे होतात, आणि एका विचारी, प्रयोगशील चित्रकाराचे काम आपोआप उगवल्यासारखे वाटू लागते.

हा अन्याय दूर करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९९८ मध्ये दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये झाला. कला-अभ्यासक ज्योतींद्र जैन यांनी पाच लोक व आदिवासी कलावंतांचे प्रदर्शन मांडले. म्हसे यांच्यासोबत त्यात मिथिलेच्या गंगादेवी, मध्य प्रदेशातील गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम, सरगुजाच्या सोनाबाई आणि मणिपूरच्या मृत्पात्रकार नीलमणीदेवी होत्या. पाचही जण आपापल्या समाजाच्या परंपरेतून आलेले आणि पाचही जणांनी त्या परंपरेत स्वतःचे काही घातलेले. जनगढ आणि म्हसे यांची तुलना विशेष बोलकी आहे. भोपाळच्या भारत भवनात गेल्यावर जनगढ यांनी झळझळीत रंग घेतले आणि गोंड देवतांना प्रथमच मोठ्या आकारात रूप दिले. म्हसे मात्र पाड्यातच राहिले आणि शेवटपर्यंत मातीचा व पांढरा या दोन रंगांवरच त्यांनी मुख्य भर ठेवला. बाजारात सगळे रंग मिळत असताना दोनावर थांबायला ठाम निवड लागते.

परदेशात त्यांचे नाव झाले ते १९८९ नंतर. त्या वर्षी पॅरिसमध्ये ज्याँ-ह्युबेर मार्तां यांनी ‘मॅजिसियाँ द ला तेर’ हे प्रदर्शन भरवले. युरोप-अमेरिकेतील नामवंत आणि उरलेल्या जगातील कलावंत एकाच मांडवाखाली, समान पातळीवर आणण्याचा तो प्रयत्न होता. त्यावर टीकाही पुष्कळ झाली, कारण निवड शेवटी पॅरिसमध्ये बसलेल्यांनीच केली होती. पण म्हसे यांची चित्रे तिथे होती, आणि इंग्लंडचे रिचर्ड लाँग यांचे कामही होते. लाँग हे चालण्यातून कला घडवणारे कलावंत. १९६७ साली गवतावरून एकाच रेषेत पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालून त्यांनी पायवाट उमटवली आणि तिचे छायाचित्र हीच कलाकृती मानली. दगडांची वर्तुळे, हाताने भिंतीवर लिंपलेला चिखल ही त्यांची पुढची सामग्री. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे लाँग आणि म्हसे या दोघांचे संयुक्त प्रदर्शन झाले. फ्रेंच संयोजक एर्वे पेर्द्रिओल यांनी दोघांना जवळ आणले होते. एकाने चिखल, वाट आणि वर्तुळ यांच्यापर्यंत पोचायला कलाशाळा ओलांडली होती. दुसऱ्याची सुरुवातच तिथून होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्याने फारसे बिघडले नाही.

भारत सरकारने २००२ मध्ये त्यांना शिल्पगुरू म्हणून गौरवले. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्री. २०१० साली पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात भारतीय आदिवासी कलेचे मोठे प्रदर्शन झाले, त्यातही ते होते. या काळात कळंबीपाड्याचे घर शिकणाऱ्यांसाठी उघडे असे. आसपासच्या पाड्यांतील तरुणांनी त्यांच्याकडे पाहून कागद हाती घेतला. आज डहाणू-तलासरी-विक्रमगड भागात कितीतरी घरांत चित्रकला हा शेतीला जोड देणारा धंदा झाला आहे, आणि त्यात पुरुष व बायका दोघेही आहेत. नव्या पिढीच्या चित्रांत आगगाडी येते, धरण येते, शाळा, मोबाइल, मुंबईच्या इमारतीही येतात.

या प्रसाराची दुसरी बाजू कमी सुखाची आहे. वारली आकृती काढायला सोपी दिसते, त्यामुळे तिची नक्कलही सोपी झाली. साड्या, पडदे, हॉटेलच्या भिंती, सरकारी कुंपणे यांवर जे वारली म्हणून रंगवले जाते त्यातले बरेचसे वारल्यांनी काढलेले नसते, आणि त्याचा मोबदलाही पाड्यापर्यंत पोचत नाही. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक संकेत मिळाला, तो या प्रश्नावरचा एक कायदेशीर उपाय आहे. नावाचा गैरवापर त्याने काही प्रमाणात रोखता येतो. साच्यातून काढलेल्या आकृतीत प्राण आणणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. नक्कल ओळखण्याची खूण पुन्हा त्या कमरेच्या बिंदूपाशीच सापडते. नकलेतले सगळे त्रिकोण सरळ उभे असतात.

म्हसे यांचा वारसा त्यांच्या घरातही चालला. सदाशिव आणि बाळू हे दोघे मुलगे चित्रकार झाले. वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या या मुलांना ती शाळा मिळाली जी वडिलांना मिळाली नव्हती, म्हणजे घरातच रोज कापड सारवणारा, रेघ दाखवणारा माणूस. बाळू यांनी लहान वयातच वडिलांबरोबर प्रदर्शनांत चित्रे मांडायला सुरुवात केली होती. सदाशिव यांनी देशापरदेशांत जाऊन काम केले. दोघांच्या चित्रांत तोच शेतीचा वर्षक्रम, त्याच कथा येतात, आणि वयाची ऐंशी उलटलेले वडील घराच्या ओटीवर बसून आपली चित्रे काढत असतानाच या दोघांचे काम स्वतंत्र नावाने संग्रहालयांत जाऊ लागले होते.